कोरी ठेवलेली सहा पानं

केशवमास्तरांच्या पाठांची वही तुरुंगातल्या नव्या जेलरनं जाळली, असं त्यांचे सगळे विद्यार्थी समजतात. ती मी जाळली. हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोला नाही, आणि बस्तीत, म्हणजे आमच्या जैन देवळात, देवासमोर बसून मनातल्या मनातसुद्धा नाही.

संपादकांनी मला पत्र लिहिलं ते वेगळ्याच अपेक्षेनं. 'तुरुंगातल्या टपालावर एवढी वर्षं काढलीत, चोर-दरोडेखोरांच्या गमती असतील, त्या लिहा.' गमती आहेत. त्यातल्या एकदोन लिहितोही, कारण माझं काम काय होतं हे कळल्याशिवाय मी काय केलं हे कळायचं नाही. पण हात आखडतो आहे. दोनदा कागद पुढं ओढला आणि दोनदा बाजूला सारला. ही तिसरी खेप.

तुरुंगाचं नाव लिहीत नाही. बेळगावातून सायकलीनं जाता येत होतं, एवढं पुरे. मी निपाणीकडचा, जैन शेतकऱ्याच्या घरचा. घरात कानडी, बाजारात मराठी, आणि आजोबांच्या कागदांमुळं मोडीही येत होती. तिन्ही वाचणारा माणूस पाहिजे होता म्हणून मला ती जागा मिळाली. काम एकच, वाचायचं. कैद्याला आलेलं पत्र त्याच्या आधी मी वाचायचं. कैद्यानं लिहिलेलं पत्र त्याच्या बायकोच्या आधी मी वाचायचं. आतली बातमी बाहेर जाऊ नये आणि बाहेरची गडबड आत येऊ नये, एवढ्यासाठी सरकार मला पोसत होतं.

खटकणारी ओळ दिसली की तिच्यावर काळी शाई फिरवायची. पण फिरवण्याआधी ती ओळ जशीच्या तशी रजिस्टरात उतरवून घ्यायची, म्हणजे आपण काय झाकलं ते वरिष्ठांना कळावं. सगळाच मजकूर खटकला तर कागद रद्द. रद्द कागद महिनाअखेरीला स्वयंपाकघराच्या चुलीत जात. मी समोर उभा राहायचो आणि जळाल्याची सही करायचो.

एकदा निपाणीहून एका कैद्याच्या भावाचं पत्र आलं. 'पान यंदा जाड आहे. वाळायला वेळ लागतो. ढीग आतून तापला नाही, म्हणून माल अजून हलवलेला नाही.' त्या वेळचे साहेब मद्रासकडचे. मी भाषांतर करून दिलं तसे ते खुर्चीत ताठ झाले. म्हणाले, ही गुप्त भाषा आहे. मी म्हणालो, "साहेब, ही तंबाखू आहे." त्यांना पटेना. दुसऱ्या दिवशी मी घरून दोन पानं आणली, एक जाड आणि एक पातळ, आणि टेबलावर ठेवली. त्यांनी ती हुंगली, शिंकले, आणि पत्र सोडलं. त्यानंतर निपाणीचं पत्र आलं की ते न बघता म्हणत, "तुमची तंबाखू आली."

दुसरा एक चिकोडीकडचा खुनी कैदी, भीमाप्पा. त्याला अक्षरओळख नव्हती, म्हणून पत्र मीच वाचून दाखवायचो. त्याची बायको गावच्या मास्तरकडून लिहून घ्यायची आणि शेवटी दर खेपेला एक ओळ असायची, म्हशीला बरं आहे. ती ओळ तो मला दोनदा वाचायला लावी. एका पत्रात ती ओळ नव्हती. मी वाचून थांबलो. तो म्हणाला, "आन म्हशीचं?" मी कागदाकडं बघत म्हणालो, "म्हशीला बरं आहे." तो म्हणाला, "कुठं हाय ती वळ, दावा." मी भलत्याच ओळीवर बोट ठेवलं. त्यानं त्या ओळीवरून अंगठा फिरवला आणि गेला. बायको आजारी होती हे मला त्या आधीच्या दोन पत्रांच्या अक्षरावरून नव्हे, तर त्यांत काय लिहिलेलं नाही त्यावरून कळलं होतं.

पत्रात नसलेलं दिसण्याची ही नजर माझी नव्हे. ती केशवमास्तरांनी दिली.

ते बेळगावच्या शाळेत आम्हांला मराठी शिकवीत. मी तेव्हा तिथल्या जैन बोर्डिंगात राहायचो. मास्तर वर्गात आले की पहिलं वाक्य, "टाक खाली." त्यांच्या तासाला काहीही लिहून घ्यायचं नाही. दुसऱ्या दिवशी एकानं उठून कालचा पाठ सांगायचा, आणि तोही मास्तरांच्या शब्दांत नाही, आपल्या. जो त्यांचंच वाक्य परत म्हणे त्याला ते म्हणत, "हे माझं आहे, ठेव ते. तुझं काय?" वर्ष संपताना ते काही मुलांना एकेक पाठ नेमून देत. 'हा पाठ तुझा. मी विसरलो तर तू सांगायचास.' आणि हे त्या वर्षापुरतं नव्हे. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी जुने विद्यार्थी त्यांच्या घरी जमत. वकील, तलाठी, किराणावाले, मास्तर झालेले, सगळे. प्रत्येकानं आपला पाठ सांगायचा. मास्तर डोळे मिटून ऐकत आणि शेवटी एकच विचारत, "यंदा त्यात तुझं काय आलं?" कुणाचं लग्न झालेलं असे, कुणाचा बाप गेलेला असे, आणि ते त्या पाठात कुठंतरी उतरलेलं असे. पाठ दर वर्षी थोडा वाढायचा. मास्तरांनी स्वतः एक ओळही कधी लिहून ठेवली नाही.

मला त्यांनी जात्यावरच्या ओव्यांचा पाठ दिला. वर्ग हसला. श्रीपाद, वकिलाचा मुलगा, माझ्या शेजारी बसायचा, तो म्हणाला, "मास्तर, नेम्याच्या घरात कानडी बोलत्यात." मास्तर म्हणाले, "जातं कोणत्या भाषेत फिरतं रे श्रीपाद?" मग मला म्हणाले, "सुट्टीत अव्वाजवळ बस. ती काय गाते ते ऐक आणि जातं कुठं हळू होतं ते ऐक." मी बसलो. अव्वा, म्हणजे माझी आई, कानडीत गात होती. माहेरच्या माणसाचं नाव आलं की दगडाचा आवाज मंदावायचा, आणि सासरचं आलं की पुन्हा पहिल्यासारखा. अव्वाला ते ठाऊकही नव्हतं. परत येऊन मी वर्गात अडखळत हे सांगितलं. मास्तर म्हणाले, "हे मला माहीत नव्हतं." त्या दिवशी मी बोर्डिंगात जेवलो नाही, इतका भरून गेलो होतो.

तुरुंगात लागल्यावर मी दसऱ्याला जाणं बंद केलं. देशाची माणसं आत जात होती आणि मी त्यांच्या बायकांची पत्रं फोडून वाचत होतो. मास्तरांनी दोनदा निरोप पाठवला, 'नेमाला म्हणावं पाठ घेऊन ये, नोकरी दाराबाहेर ठेव.' गेलो नाही. बेचाळीसच्या आधीच्या वर्षी ते वारले. अंत्ययात्रेला मी रस्त्याच्या दुसऱ्या बाजूनं चाललो.

मग बेचाळीस आलं आणि तुरुंग भरला. पहिल्याच तुकडीत श्रीपाद होता. त्याच्या मागं यल्लाप्पा, बेळगुंदीचा, आमच्याहून दहाएक वर्षांनी लहान, हाही केशवमास्तरांचाच. आणखीही काहीजण होते. नियम असा की ओळखीचा कैदी आला तर कारकुनानं तसं लिहून द्यायचं. मग त्याचे कागद दुसऱ्याकडं जात. तो दुसरा कारकून अर्धं पत्र काळं करी. मी विचार केला, माझ्याकडंच राहू दे, यांची पत्रं तरी पोचतील. म्हणून लिहून दिलं नाही. हे मी चांगल्या बुद्धीनं केलं होतं. पण एक आठवडा गेला, मग महिना गेला, आणि मग ते लिहून देणं म्हणजे आधी लपवलं होतं असं कबूल करणं झालं. एका शिपायानं एक चिठ्ठी बाहेर नेली म्हणून त्याला त्याच दिवशी घरी घालवलं होतं. माझी मोठी मुलगी लग्नाची होती.

एकदा कचेरीबाहेर यल्लाप्पा रांगेत उभा होता. मी जवळून गेलो तसा तो खाली बघत हळूच म्हणाला, "नेमाण्णा, भिऊ नका. आमी तुमास्नी वळखत न्हाय." मला त्याचा आधार वाटायला हवा होता. पण वाटला नाही, कारण यांच्या आपसांत माझ्याविषयी बोलणं होतं हे मला त्यातून कळलं.

आठ-नऊ महिन्यांनी श्रीपादच्या नावावर दिलेली एक वही तपासणीला आली. बाहेर, त्याच्या घरी पाठवायची होती. तुरुंगात मिळणाऱ्या वहीच्या प्रत्येक पानावर आकडा आणि शिक्का असतो. पान फाडून कुणी चोरून चिठ्ठी लिहू नये म्हणून. वही परत येते तेव्हा पानं मोजून घेतात. ही वही वेगवेगळ्या बराकींतून फिरली होती. प्रत्येकानं आपला पाठ आपल्या अक्षरात लिहिला होता. शेवटी यल्लाप्पाचा होता. त्यानं लिहून ती सरळ कचेरीत दिली होती.

मी ती वाचायला घेतली आणि पहिल्याच पानाला मास्तरांचा आवाज ऐकू आला. कारकून म्हणून वाचायचं विसरलो. मग एका पानावर श्रीपादच्या वळणदार अक्षरात हे दिसलं:

'पाठ सहावा. जात्यावरच्या ओव्या. हा पाठ निपाणीच्या नेमगोंडाकडे आहे. तो कुठे आहे हे आम्हांला ठाऊक आहे. पाने राखून ठेवली आहेत.'

पुढं सहा पानं कोरी.

मी वही मिटली आणि आजूबाजूला पाहिलं. कुणी बघत नव्हतं. तरी ती रजिस्टराखाली सरकवली. तो कुठे आहे हे आम्हांला ठाऊक आहे. हे वाक्य दुसऱ्या कुणी वाचलं तर त्याचा अर्थ एकच, कारकून यांच्यातला आहे.

आणि दुसरं कुणीतरी वाचणार होतं. महिन्यापूर्वी नवा जेलर आला होता, पुण्याकडचा, स्वच्छ मराठी वाचणारा. बाहेर जाणाऱ्या वहीवर मी 'हरकत नाही' लिहिलं तर ती त्याच्याकडं जाई आणि तो पान न् पान वाचून मगच सही करी. त्या ओळीवर शाई फिरवायची तर ती ओळ रजिस्टरात माझ्याच हातानं उतरवावी लागणार. पान फाडायचं तर आकडा तुटणार. वही सोमवारी पाहिजे, असा निरोप होता. शनिवार ते सोमवार मी जे काही खाल्लं त्याची चव आठवत नाही. बायको म्हणाली, "अंगात कसकस आहे का?" मी हो म्हणालो.

या काळात मी वही दुसऱ्यांदा वाचली. शेवटपर्यंत, मास्तरांनी शिकवलं तशी, थांबत थांबत. काही वाट निघते का बघत होतो असं स्वतःला सांगत होतो. खरं तर ती आता कुणीच वाचणार नाही हे मनानं आधीच धरलं होतं.

एक वाट होती. मी 'रद्द' लिहिलं तर जेलर वाचत नसे. सोडण्यासाठी वाचावं लागे, थांबवण्यासाठी लागत नसे. सोमवारी सकाळी मी शेऱ्याच्या जागी 'मजकूर आक्षेपार्ह, रद्द' लिहिलं. जेलरनं वही न उघडता सही केली आणि विचारलं, "फार होतं का काही?"

"पोवाडे वगैरे आहेत," मी म्हणालो.

"म्हणजे असणारच," तो म्हणाला.

महिनाअखेरीला मी चुलीसमोर उभा राहिलो आणि जळाल्याची सही केली. एवढी वर्षं केली तशीच.

श्रीपादला कचेरीत बोलावून सांगणं भाग होतं. जेलर खुर्चीत, मी बाजूला रजिस्टर धरून. जेलर म्हणाला, "तुमची वही आक्षेपार्ह ठरली. नष्ट केली आहे." श्रीपादनं माझ्याकडं पाहिलं नाही. जेलरकडंच बघत म्हणाला, "साहेब, त्यात शाळेतले पाठ होते."

"शाळेत तुम्ही काय शिकलात ते आम्हांला दिसतंच आहे," जेलर म्हणाला.

श्रीपाद थोडा हसला. "ठीक आहे. माणसं आहेत की. पुन्हा सांगतील."

पण त्यांना वेगवेगळ्या तुरुंगांत पांगवलं. यल्लाप्पा राहिला आणि पुढच्या पावसाळ्यात विषमज्वरानं तुरुंगाच्या इस्पितळात गेला. त्याचं सामान बायकोला द्यायचं होतं. ती बेळगुंदीहून चालत आली, गंगव्वा. एक धोतर, एक तांब्या. तिनं विचारलं, "एक वही लिवत होते म्हनून कळवलंतं. ती न्हाय व्हय?" मी म्हणालो, "यादीत नाही." ते खरं होतं. यादी मीच केली होती.

नोकरी मी मागच्या वर्षी सोडली. तब्येतीचं कारण दिलं. या उन्हाळ्यात श्रीपाद माझ्या दारात उभा राहिला. केस पांढरे, चालणं तसंच उड्या मारल्यासारखं. बायकोनं पाणी दिलं, मी हात जोडले.

"काय रं नेमा, आता तरी वळख दाखव," तो म्हणाला.

मग बसला आणि सांगायला लागला. विद्यार्थी मिळून मास्तरांच्या पाठांचं पुस्तक करताहेत. तो गावोगाव जाऊन गोळा करतो आहे. कारवारकडं एकजण आहे, तो आपला पाठ आता कानडी शाळेत कानडीतून सांगतो. एक किराणा दुकानदार आपला पाठ सुनेला देऊन गेला, तिला लिहिता येत नाही पण तिनं घडाघडा म्हणून दाखवला. मी ऐकत होतो. मास्तर माझ्याशिवाय सगळीकडं चालू होते.

"वही गेली नसती तर एवढी पायपीट नव्हती," तो म्हणाला. "त्या पुणेकरानं घात केला."

मी त्याचं पाण्याचं भांडं उचलून बाजूला ठेवलं.

"तुला एक सांगू? ती वही तपासायला तुझ्याकडं येणार हे धरूनच आम्ही ती पानं कोरी सोडलीती. मला वाटलं, नेमा लिहून परत आत पाठवील. 'दुरुस्ती करा' असा शेरा मारून परत द्यायची सोय होती की रं तुमच्यात. मग आम्ही यल्लाप्पाकडून 'तो कुठे आहे' ही एक ओळ खरडून टाकणार होतो. तुला वेळच मिळाला नसणार. त्यानं आधीच उचलली असंल."

अशी सोय होती. दुरुस्तीसाठी वही आत परत देता येत होती. जेलरकडं न जाता. मी स्वतः तो शेरा शेकडो वेळा मारला होता. त्या तीन दिवसांत तो मला एकदाही आठवला नाही. इतकी वर्षं दुसऱ्यांच्या पत्रांतलं न लिहिलेलं वाचणारा मी. मला उद्देशून लिहिलेलं साधं आमंत्रण मी आरोप म्हणून वाचलं.

"व्हय ना? त्यानंच उचलली ना?" श्रीपादनं विचारलं.

मी मान हलवली. होकाराची.

"तुझा पाठ तरी सांग," तो म्हणाला.

"आठवत नाही," मी म्हणालो. त्यानं माझ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "आठवंल. घाई न्हाय." जाताना बायकोला म्हणाला, "वयनी, ह्यानं आत असताना आमची लई पत्रं सोडली बघा. चांगला मानूस." बायको माझ्याकडं अशा नजरेनं बघत होती की मी परसात निघून गेलो.

तो गेल्यापासून ओव्यांचा पाठ मी लिहून काढला. बरोबर सहा पानं झाली, जास्त नाही. यंदा त्यात माझं काय आलं ते मी लिहिलेलं नाही, ते या लेखात आहे. श्रीपादला तोंडावर सांगण्याचं धैर्य माझ्यात नाही, म्हणून हे छापून येऊ द्यावं असं संपादकांना कळवतो. माझा पाठ पुस्तकात घ्यायचा की नाही हे त्यानं हा लेख वाचून ठरवावं. न घेतला तरी माझी तक्रार नाही.

यल्लाप्पाचा पाठ पोवाड्यांवर होता. लढाई हरलेल्या बाजूचा शाहीर पोवाडा कसा गातो, तो कुठं थांबतो आणि का थांबतो. मास्तरांनी दिलेला मूळ पाठ दोघातिघांना अर्धामुर्धा आठवतो. यल्लाप्पानं आत बसून त्यात जे घातलं ते मात्र फक्त त्या वहीत होतं, आणि ते वाचलेला जिवंत माणूस मी एकटा आहे. त्याची सुरुवात मी लिहून काढली आहे. शेवटही काढला आहे. मधली दोन पानं त्याच्या घरच्यांविषयी होती, पेरणीच्या दिवसांतली, गंगव्वाचं नाव त्यांत होतं. काय होतं ते मला आठवत नाही. रोज सकाळी कागद घेऊन बसतो.

ती दोन पानं मी बेळगुंदीच्या गंगव्वाला देणं लागतो.